‘बायबलमध्ये कुठे लिहिले आहे?’
पवित्र शास्त्र, परंपरा आणि ख्रिस्तसभेची शिकवण



नोव्हेंबर महिना आला की आपली दफनभूमी फुलांनी आणि मेणबत्त्यांनी उजळून निघते. चर्चच्या ऑफिसातील मिस्सेच्या हेतूंची वही मृतांच्या नावांनी भरून जाते. गेल्या वर्षी याच महिन्यात एक तरुण ऑफिसात आला. त्याच्या आईला देवाघरी जाऊन तीन आठवडे झाले होते. त्याची आणि त्याच्या भावाची परवानगी घेऊन, नावगाव न सांगता, ही हकीकत तुमच्यापुढे ठेवीत आहे.

“फादर, आईची महिन्याची मिस्सा लिहायची आहे. पण दादा येणार नाही म्हणतो.”

“का रे? काही भांडण झालं का?”

“भांडण नाही, फादर. दादा दोन वर्षांपासून कामाच्या ठिकाणी एका प्रार्थनासभेला जातो. तो म्हणतो, मेलेल्या माणसासाठी प्रार्थना करा असं बायबलमध्ये कुठे लिहिलंय ते दाखव, मग येतो. मी मक्काबींचं दुसरं पुस्तक काढून दाखवलं. त्याने त्याचं बायबल पुढे केलं. त्यात ते पुस्तकच नाही! आता कुणाचं बायबल खरं, फादर?”

एका घरात, एकाच आईची दोन मुले, समोर दोन बायबल. असा प्रसंग आज आपल्या अनेक घरांत येतो. म्हणून या रविवारी आपण या प्रश्नाचा शांतपणे अभ्यास करू या.

दोन बायबल कशी झाली?

आपल्या कॅथलिक बायबलमध्ये ७३ पुस्तके आहेत : जुन्या करारात ४६ आणि नव्या करारात २७. प्रॉटेस्टंट बांधवांच्या बायबलमध्ये ६६ पुस्तके आहेत. नवा करार दोघांचा अगदी सारखा आहे. फरक आहे तो जुन्या करारातील तोबीत, यहुदीथ, ज्ञानग्रंथ, बेनसिरा, बारूख आणि मक्काबींची दोन अशा सात पुस्तकांचा, तसेच एस्तेर आणि दानीएल या पुस्तकांतील काही भागांचा.

धाकट्याने दाखविलेला उतारा २ मक्काबी १२:३८-४६ हा आहे. लढाईत पडलेल्या सैनिकांना पुरताना त्यांच्या अंगरख्याखाली मूर्तिपूजेचे ताईत सापडतात. तेव्हा यहुदा मक्काबी त्यांच्या पापांची क्षमा व्हावी म्हणून सर्वांसह प्रार्थना करतो, सुमारे दोन हजार चांदीची नाणी गोळा करतो आणि पापार्पणासाठी यरुशलेमला पाठवितो. मृतांचे पुनरुत्थान होणार अशी आशा नसती तर त्यांच्यासाठी प्रार्थना करणे व्यर्थ ठरले असते, असे लेखक तेथे स्पष्ट सांगतो.

मग हे पुस्तक काही बायबलमध्ये का नाही? ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकापासून मिसर देशातील अलेक्झांड्रिया येथे यहुदी लोकांनी आपल्या धर्मग्रंथांचे ग्रीक भाषांतर करावयास सुरुवात केली. त्याला ‘सेप्टुआजिंट’ म्हणतात. ही सात पुस्तके त्या ग्रीक संग्रहात होती. नव्या कराराचे लेखक जुन्या करारातील वचने देतात ती बहुतेक वेळा याच ग्रीक भाषांतरातून. पुढे यहुदी धर्मगुरूंनी हिब्रू ग्रंथांचीच यादी मान्य केली आणि ही सात पुस्तके तिच्यात आली नाहीत. आरंभीच्या ख्रिस्ती लोकांतही याविषयी चर्चा होती. संत जेरोम यांच्यासारख्या थोर पंडिताच्या मनातही शंका होत्या, हे आपण प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. परंतु उत्तर आफ्रिकेतील हिप्पो (३९३) आणि कार्थेज (३९७) येथील धर्मसभांनी जी यादी स्वीकारली तिच्यात ही पुस्तके आहेत. १४४२ मध्ये फ्लॉरेन्सच्या महासभेने हीच यादी दिली आणि ८ एप्रिल १५४६ रोजी ट्रेंटच्या महासभेने तिच्यावर अंतिम शिक्कामोर्तब केले. ‘कॅथलिकांनी ट्रेंटमध्ये सात पुस्तके घुसडली’ असे कधी कधी ऐकू येते, ते खरे नाही.

मार्टिन ल्यूथर यांनीही १५३४ च्या आपल्या जर्मन बायबलमध्ये ही पुस्तके छापली. मात्र ती दोन्ही करारांच्या मध्ये वेगळी ठेवली आणि वाचण्यास चांगली, पण शास्त्राच्या बरोबरीची नव्हेत, असे म्हटले. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश बायबल सोसायटीने ती छापण्यासाठी पैसे देणे थांबविले, तेव्हा ती बहुतेक आवृत्त्यांतून निघून गेली. म्हणून आपल्याकडे सहज मिळणाऱ्या मराठी बायबलमध्ये ती दिसत नाहीत.

यादी कोणी केली?

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. ‘बायबलमध्ये कुठे लिहिले आहे?’ हा वाईट प्रश्न नाही. प्रत्येक ख्रिस्ती माणसाने तो विचारावा. पण त्याच्या पाठोपाठ दुसरा प्रश्न विचारावा लागतो : बायबलमध्ये कोणकोणती पुस्तके असावीत, हे बायबलमध्ये कुठे लिहिले आहे?

कुठेही नाही. उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत सर्व पाने चाळली तरी ७३ ची यादी सापडणार नाही आणि ६६ ची देखील सापडणार नाही. अनुक्रमणिकेचे पान देवाने स्वर्गातून पाठविलेले नाही. पहिल्या शतकांत काही ठिकाणी संत क्लेमेंट यांचे पत्र किंवा ‘हर्मासचा मेंढपाळ’ हे पुस्तक उपासनेत वाचले जात असे. उलट इब्री लोकांस पत्र, पेत्राचे दुसरे पत्र, प्रकटीकरण यांविषयी काही ठिकाणी शंका घेतल्या जात. नव्या कराराची नेमकी २७ पुस्तके एकत्र नमूद केलेली आपल्याला प्रथम आढळतात ती संत अथानासियुस यांनी ३६७ मध्ये लिहिलेल्या पास्खाच्या पत्रात. म्हणजे प्रभू येशूच्या पुनरुत्थानानंतर तीनशेहून अधिक वर्षांनी!

मग कोणते पुस्तक प्रेषितांच्या विश्वासाशी जुळते आणि कोणते नाही हे ख्रिस्तसभेने कशावरून ओळखले? तिच्याजवळ प्रेषितांकडून आलेला जिवंत विश्वास होता. उपासनेत, प्रार्थनेत आणि बिशपांच्या शिकवणीत तो चालत आला होता. त्या विश्वासाच्या मापाने तिने पुस्तके पारखली. या जिवंत ठेव्यालाच आपण ‘पवित्र परंपरा’ म्हणतो. ‘फक्त बायबल’ असे म्हणणारा बांधवही मत्तयचे शुभवर्तमान उघडतो तेव्हा हे पुस्तक देवाचे आहे हा ख्रिस्तसभेचा निर्णय नकळत स्वीकारीत असतो. तराजूने सारे काही तोलता येते, पण तराजू स्वतःला तोलू शकत नाही.

लिहिण्याआधी सांगणे होते

प्रभू येशूने एकही पुस्तक लिहिले नाही. त्याने बारा जणांना निवडले, त्यांना आपल्याबरोबर ठेवले आणि जगभर जाऊन शिकविण्यास पाठविले. हे साधारण इ. स. ३० च्या सुमाराचे. नव्या करारातील सर्वांत जुने लेखन म्हणून बहुतेक अभ्यासक संत पौलाचे थेस्सलनीकाकरांस पहिले पत्र मानतात. ते ५०-५१ च्या सुमाराचे आहे. शुभवर्तमाने त्यानंतर लिहिली गेली. मधल्या वीस वर्षांत ख्रिस्ती लोक नव्हते का? होते. स्नानसंस्कार होत होते, भाकर मोडली जात होती, स्तेफनासारखे लोक रक्त सांडत होते. नव्या कराराचे एकही पान हाती नसताना ते ख्रिस्तावर विश्वास ठेवीत होते, कारण त्यांनी ते कानांनी ऐकले होते.

संत पौल प्रभुभोजनाविषयी (१ करिंथ ११:२३) आणि पुनरुत्थानाविषयी (१ करिंथ १५:३) बोलतो, तेव्हा जे मला मिळाले तेच मी तुमच्या स्वाधीन केले असे सांगतो. थेस्सलनीकाकरांना तो तोंडी आणि पत्राने, अशा दोन्ही प्रकारे मिळालेल्या परंपरांना धरून राहण्यास बजावतो (२ थेस्स. २:१५). एफेसच्या वडीलजनांचा निरोप घेताना तो प्रभूचे एक वचन सांगतो, की घेण्यापेक्षा देण्यात जास्त धन्यता आहे (प्रे. कृ. २०:३५). हे वचन चारही शुभवर्तमानांत शोधून पाहा, सापडणार नाही. ते तोंडोतोंडी आले होते.

‘सर्व शास्त्रलेख देवप्रेरित आहे असे बायबल सांगत नाही का?’ असे आपले बांधव विचारतात. सांगते (२ तीमथ्य ३:१६), आणि आपण ते मनापासून मानतो. तेथे शास्त्रलेख शिकविण्यास उपयोगी आहे असे म्हटले आहे. तोच एक आधार आहे असे म्हटलेले नाही. सत्याचा खांब आणि पाया कोण, हे पौलाने त्याच तीमथ्याला सांगितले आहे : जिवंत देवाची ख्रिस्तसभा (१ तीमथ्य ३:१५).

आपल्या मराठी मातीतही असेच घडले. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज येशूसंघीय १५७९ मध्ये गोव्यात आले. तेथल्या नव्या ख्रिस्ती लोकांच्या हाती बायबल नव्हते. त्यांच्यासाठी फादरांनी तारणाचा सारा इतिहास दहा हजारांहून अधिक ओव्यांत मराठीत रचला. ते ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राचोल येथे छापले गेले. चर्चमध्ये आणि घरांत ते वाचले, गायले आणि ऐकले जाई. मराठी बायबल छापून मिळू लागले ते एकोणिसाव्या शतकात, आणि तेही विल्यम कॅरी यांच्यासारख्या प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांच्या कष्टांमुळे. त्यांचे हे ऋण आपण मान्य केले पाहिजे. पण मधल्या दोनशे वर्षांत आपल्या पूर्वजांचा विश्वास विझला नाही. आईच्या मांडीवर शिकलेला क्रूस, संध्याकाळची रोझरी आणि रविवारची मिस्सा यांतून तो आपल्यापर्यंत आला.

परंपरा म्हणजे प्रत्येक रूढी नव्हे

येथे एक सावधगिरी हवी. ‘आपल्याकडे पूर्वापार असेच चालत आले आहे’ एवढ्याने एखादी गोष्ट पवित्र परंपरा होत नाही. प्रभू येशूने माणसांच्या परंपरांवर कडक टीका केली आहे (मार्क ७:८-१३). तेथला त्याचा दाखला आपल्या विषयाशी फार जवळचा आहे. काही लोक आपली मालमत्ता ‘कुर्बान’, म्हणजे देवाला अर्पण केलेली, असे जाहीर करीत आणि म्हाताऱ्या आईबापांना पोसण्याची जबाबदारी टाळीत. धर्माच्या नावाखाली चौथी आज्ञा मोडली जाई.

आपणही स्वतःला तपासू या. आई अंथरुणाला खिळलेली असताना दोन भाऊ औषधाच्या खर्चावरून वाद घालतात आणि ती गेल्यावर महिन्याच्या मिस्सेला कर्ज काढून शेकडो पाने उठवितात. मृतांसाठी प्रार्थना ही परंपरा आहे. जेवणावळ ही रूढी आहे, ती कमी केली किंवा बंद केली तरी आपला विश्वास रतिभरही कमी होणार नाही. आणि जिवंतपणी आईची सेवा करणे ही देवाची आज्ञा आहे.

अर्थ कोणी सांगावा?

प्रेषितांची कृत्ये आठव्या अध्यायात कूशी अधिकारी रथात बसून यशया वाचीत असतो. वाचतोस ते तुला समजते का, असे फिलिप विचारतो. कोणी उलगडून सांगितल्याशिवाय कसे समजणार, असे तो नम्रपणे उत्तरतो. पंधराव्या अध्यायात तर याहून मोठा पेच आहे. यहुदी नसलेल्या ख्रिस्ती लोकांनी सुंता करावी की नाही? ‘शास्त्रात कुठे लिहिले आहे?’ असे विचारले तर उत्तर सुंतेच्याच बाजूने होते, कारण उत्पत्ती १७ मध्ये ती स्पष्ट सांगितलेली आहे. तरीही प्रेषित आणि वडील यरुशलेमेत जमले, त्यांनी वाद केला, शास्त्र पाहिले, देवाने काय केले हे ऐकले आणि पवित्र आत्म्याच्या साहाय्याने निर्णय दिला. सुंतेची सक्ती नाही! आपण मराठी माणसे आज ख्रिस्ती आहोत ती या निर्णयामुळे.

प्रेषितांचा हा अधिकार पोपमहोदय आणि त्यांच्याशी एकजूट असलेले बिशप यांच्याकडे चालत आला आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १८ नोव्हेंबर १९६५ रोजी दैवी प्रकटीकरणावरील दस्तऐवज प्रसिद्ध केला. त्यात शास्त्र आणि परंपरा हा देवशब्दाचा एकच ठेवा आहे असे शिकविले आहे. जणू एकाच झऱ्याचे ते दोन प्रवाह. तेथेच असेही सांगितले आहे, की हा शिकवण्याचा अधिकार देवशब्दाच्या वर नाही, तो देवशब्दाचा सेवक आहे. पोपमहोदयांनाही नवे शुभवर्तमान काढता येत नाही.

आणि देवाने दिलेली बुद्धी? तीही सत्याची वाट आहे. सृष्टीकडे पाहून देव ओळखता येतो असे संत पौल म्हणतो (रोम १:२०). सत्य सत्याच्या विरोधात जाऊ शकत नाही. हे विसरल्याने चर्चच्या अधिकाऱ्यांच्या हातूनही चूक झाली. १६३३ मध्ये गॅलिलिओला दोषी ठरविताना त्यांनी सूर्याविषयीच्या वचनांचा अक्षरशः अर्थ धरला. १९९२ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी ही चूक जाहीरपणे मान्य केली. १९९८ मध्ये त्यांनी श्रद्धा आणि बुद्धी यांच्यावर स्वतंत्र परिपत्रक लिहिले आणि दोन्ही पंखांशिवाय माणसाला सत्याकडे झेपावता येत नाही असे शिकविले.

मग आईसाठी प्रार्थना करावी का?

आता सर्व धागे एकत्र आणू. शास्त्रात मक्काबींचा दाखला आहेच. आपल्या बांधवांच्या बायबलमध्येही १ करिंथ ३:१३-१५ आहे. तेथे संत पौल माणसाचे काम अग्नीने पारखले जाण्याविषयी आणि माणूस जणू अग्नीतून तारला जाण्याविषयी बोलतो. परंपरेत पाहिले तर रोमच्या भुयारी दफनभूमींतील शिलालेखांत मृतांच्या शांतीसाठी विनवण्या आढळतात. २११ च्या सुमारास कार्थेजचा तेर्तुल्यान मृतांच्या वार्षिक स्मरणदिनी अर्पण करण्याची चाल सांगतो. तिच्यासाठी शास्त्रात नियम शोधाल तर सापडणार नाही, ती परंपरेतून आली आहे, असेही तो मोकळेपणाने म्हणतो.

ख्रिस्तसभेची शिकवणही मोजकी आहे. ट्रेंटच्या महासभेने १५६३ मध्ये दोनच गोष्टी सांगितल्या : शुद्धिस्थान आहे, आणि तेथील आत्म्यांना आपल्या प्रार्थनांचे, विशेषतः मिस्सेचे, साहाय्य होते. तेथे किती वर्षे राहावे लागते, आग कशी असते, अशा निरर्थक कुतूहलाला आणि पैशाच्या लोभाला थारा देऊ नये, असेही तिने बजावले.

संत ऑगस्टीन यांची आई संत मोनिका ३८७ मध्ये रोमजवळच्या ओस्तिया बंदरात आजारी पडली. आपल्या आफ्रिकेच्या मातीत तिला मरण यावे असे तिच्या दुसऱ्या मुलाला वाटत होते. ती म्हणाली, देह कुठेही पुरा, त्याची चिंता करू नका. तिने दोघा मुलांकडे एकच गोष्ट मागितली : जिथे असाल तिथे प्रभूच्या वेदीपाशी माझी आठवण करा. तेव्हाही दोन भाऊ होते आणि एक आई होती.

महिन्याच्या मिस्सेआधी मी त्या थोरल्या भावाला घरी जाऊन भेटलो. वाद घालायला गेलो नव्हतो. त्याने माझे ऐकून घेतले आणि मग म्हणाला, “फादर, तुम्ही सांगता ते मी विचारात घेईन. पण एक विचारू? आमच्या घरात बायबल होतं. कपाटात, प्लास्टिकच्या पिशवीत. ते कधी उघडलं नाही. चर्चमध्येही मला कुणी म्हटलं नाही की बस, आपण वाचू या. तिथे गेल्यावर मी पहिल्यांदा वाचलं.”

माझ्याजवळ उत्तर नव्हते. शास्त्र न जाणणे म्हणजे ख्रिस्ताला न जाणणे, असे संत जेरोम शिकवितात आणि व्हॅटिकन परिषदेने त्याची आठवण करून दिली आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१९ मध्ये सामान्य काळातील तिसरा रविवार ‘देवशब्दाचा रविवार’ म्हणून ठरवून दिला. परंपरेचे रक्षण आपण करतो, पण ती परंपरा ज्या ग्रंथाला जिवापाड जपत आली तोच पिशवीत बांधून ठेवला, तर आपली मुले तो दुसरीकडे उघडतील. दोष केवळ त्यांचा नसेल.

मिस्सेच्या दिवशी थोरला आला. शेवटच्या बाकावर बसला. तो कम्युनियनला आला नाही आणि मीही त्याला काही विचारले नाही. मिस्सेनंतर दोघे भाऊ आईच्या कबरीपाशी बराच वेळ उभे होते. त्यांची चर्चा अजून संपलेली नाही. पण आता दर रविवारी संध्याकाळी ते दोघे एकत्र बसून एक अध्याय वाचतात, असे धाकट्याने मला सांगितले. मक्काबी वाचायचे तेव्हा धाकट्याचे बायबल मध्ये ठेवतात.

या महिन्यात तुमच्या घरातील मृतांची नावे वहीत जरूर लिहा. आणि घरी गेल्यावर बायबल पिशवीतून काढा.

प्रभू आपणा सर्वांना आशीर्वाद देवो, आणि आपल्या मृतांना चिरशांती देवो.

तुमचा,
धर्मगुरू

समूहाच्या बैठकीत चर्चेसाठी :
१. २ मक्काबी १२:३८-४६ आणि १ करिंथ ३:१०-१५ मोठ्याने वाचा. दोन्ही उताऱ्यांत कोणती आशा दिसते?
२. आपल्या भागातील मृत्यूविषयीच्या चालीरीतींपैकी कोणती परंपरा आणि कोणती केवळ रूढी आहे?
३. ‘बायबलमध्ये कुठे लिहिले आहे?’ असे कोणी विचारले, तर न रागावता आपण काय सांगू?
४. आपल्या घरात बायबल कुठे ठेवलेले आहे? या आठवड्यात ते कोणी, केव्हा वाचायचे हे आजच ठरवा.